उलटी तार

स्टुडिओ बंद पडला तेव्हा मालकांनी दारवानाला तिथल्या स्पीकरची जोडी दिली. त्याने घरी स्वतःच तारा जोडल्या आणि बायकोने स्टुडिओत गायलेलं एकुलतं एक भजन हौसेने लावलं. आवाज पोकळ, विहिरीतून आल्यासारखा वाटला. “असं गाते होय मी?” म्हणत तिने गाणं सोडलं ते सोडलंच. वीस वर्षांनी लेकीने स्पीकर उघडून कुजलेल्या फोमच्या कडा बदलल्या. “बाबा, डावीकडची तार उलटी कुणी जोडली? त्यानेच आवाज पोकळ होतो.” “घरात इंजिनियर मीच,” तो ओशाळला. तार सुलटी करून भजन लावताच भरदार आवाज खोलीच्या मधोमध उभा राहिला. “माझ्यापायी तुझं गाणं गेलं गं,” तो पुटपुटला. बायको हसली. “रोज पुसून स्पीकर जपलेत म्हणून परत मिळालं. देवाची कृपा! आता गप्प बसा.” तिने स्वतःच्याच आवाजाला साथ धरली.