नको म्हणता म्हणता

"राणी, गाणी, वाणी, शहाणी." महादेवीनं पडद्यावरचे शब्द वाचून दाखवले.

"ह्यातलं एक बी नको," भिमाबाई म्हणाली.

धाराशिवच्या कॉलेजातल्या त्या खोलीत दोघींची ही आठवी बैठक होती. साल १९८७. पावसानं पुन्हा दगा दिला होता. उमरग्याची महादेवी पुण्यात संगणकावर संशोधन करत होती. माणसाला गाणं रचायला संगणकाची मदत होते का, हा तिचा प्रश्न. माणसानं ओळ सांगायची, महादेवीनं ती टाइप करायची आणि संगणकानं जुळणारे शब्द सुचवायचे. भिमाबाई रोजगार हमीवर खडी फोडायची आणि भीमजयंतीला स्वतः रचलेली गाणी म्हणायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. गाणी सगळी डोक्यात.

या वेळी तिला पाण्याचं गाणं करायचं होतं. तिच्या गावात टँकर यायचा आणि वरच्या आळीच्या विहिरीत रिकामा व्हायचा. बौद्ध वस्तीतल्या बाया घागरी घेऊन नुसत्या उभ्या राहायच्या. पण ‘पाणी’ला जुळणारा मनासारखा शब्द मिळेना आणि गाणं पहिल्याच ओळीवर अडलं होतं. भिमाबाईनं आतापर्यंत एकशे बारा शब्द नाकारले होते. महादेवीनं प्रत्येकापुढे फुली मारली होती.

त्या दिवशी महादेवीचे सर पुण्याहून आले. त्यांनी फुल्यांचे कागद चाळले.

"यांनी एकही शब्द घेतलेला नाही. म्हणजे यंत्राची मदत शून्य. यांना वगळा. एखादा शिकलेला कवी बघा."

भिमाबाई समोरच बसली होती. सरांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. महादेवीनं मान खाली घातली. तिची दोन वर्षं त्या कागदांत होती.

भिमाबाई उठली.

"मदत झाली न्हाय म्हणून कुणी सांगितलं, सर? मला इचारलं का?"

"अहो, तुम्ही तर सगळ्यालाच नको म्हणालात."

"व्हय. नको म्हणता म्हणताच मला काय पायजे ते कळलं. तुमचं यंत्र लई गोड बोलतंय. आमचं मागणं गोड न्हाय. ऐका आता."

तिनं टेबलावर बोटांनी ठेका धरला.

"नको तुमची राणी आमा, नको गोड गाणी,
वस्तीच्या बी घागरीला टँकराचं पाणी!"

मग ती थांबलीच नाही. सात कडवी झाली. महादेवीचा पेन मागे पडत होता.

सरांनी चष्मा काढला. "विलक्षण! महादेवी, लिहा. संगणकानं रचून घेतलेलं पहिलं..."

"सर, ते आपण यांना विचारून लिहू," महादेवी म्हणाली. सरांचं बोलणं तिनं आजवर कधी तोडलं नव्हतं.

भिमाबाई सरांकडे वळली. "सोमवारी कलेक्टर कचेरीवर मोर्चा हाय. गाणं ज्याचं, त्यानं पुढं चालायचं असतंय. येतंय का तुमचं यंत्र?"

सर हसले. ती हसली नाही.

सोमवारी दोनशे बाया रिकाम्या घागरी घेऊन निघाल्या. भिमाबाई सगळ्यांत पुढे होती. महादेवीही त्यांच्यात होती, आणि आता तिलाही ती सात कडवी पाठ होती. कचेरीच्या फाटकाशी फौजदारानं हात आडवा केला. गाण्यात त्याचा आवाज बुडून गेला. शेवटी तो ओरडला,

"बंद करा! कुणी लिहून दिलं हे तुम्हाला? कोण पुढारी आहे मागे?"

त्यानं खिशातून वही काढली. गाणं थांबलं. आता ज्याचं नाव येईल, त्याच्यावर पहिला गुन्हा.

भिमाबाईनं घागर खाली ठेवली.

"मागं कुणी न्हाय, साहेब. म्या केलंय गाणं. लिवा, भिमाबाई बलभीम बनसोडे. आन् नीट लिवा. माझ्या गाण्याला माझं नाव लागायची ही पयलीच येळ हाय."