चव जोडताना

वारल्यापासून विश्वनाथराव सर्व्हरवर राहत होते. तिथे सगळं होतं, फक्त सुरमईचं कालवण नव्हतं. शेवटी आवडाबाईंनी डोक्यातल्या चिपमधून आपली चव नवऱ्याला जेवणापुरती जोडून द्यायचं ठरवलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी एकदाही ‘छान झालंय’ म्हटलं नव्हतं, तेवढं आवडाबाईंना ऐकायचं होतं.

जोडणी तीनदा फसली.

“काकू, चव आणि वाचा एकाच गटात आहेत,” तंत्रज्ञ निलोफर म्हणाली. “एक दिली की दुसरीही जाते. तेवढा वेळ तुम्हाला बोलता येणार नाही.”

“त्यांच्यापुढे आजवर कुठे बोलता येत होतं? जोड तू.”

आवडाबाईंनी पहिला घास घेतला. त्यांच्याच तोंडून, त्यांच्याच आवाजात विश्वनाथराव म्हणाले, “मीठ कमी आहे.”

जबडा मात्र त्या गटात नव्हता. विश्वनाथराव कोथिंबिरीवर येण्याआधीच आवडाबाईंनी तो घट्ट मिटला.