लेफ्टनंटचे बूट

१९८६ साली पद्मिनी ओहायोतल्या एका छोट्या म्युझियममध्ये काम करायची. तिथे काचेच्या पेटीत लेफ्टनंट हार्लोचे बूट होते. यादवी युद्धात हा तरुण मास्तर स्वखुशीने लढायला गेला आणि नदीपलीकडे अडकलेल्या जखमी सैनिकांना पाठीवरून आणताना गोळी लागून मेला.

ते बूट रोज सकाळी ओले असायचे.

"जॉब सोड," नवरा, शैलेंद्र म्हणाला.

"नाही. त्याचं कुणीतरी अजून पलीकडे राहिलंय."

एका दुपारी पेटीचं कुलूप तसंच होतं, पण आत बूट नव्हते. संध्याकाळी शैलेंद्र तिला न्यायला आला, तरी ती हलेना.

तेवढ्यात बाहेरच्या पायऱ्यांवर जड पावलं वाजली. पावलं एकाचीच होती, पण धापा दोघांच्या होत्या.

"उघडू नकोस!" शैलेंद्र ओरडला.

पद्मिनीने कडी काढली.