दोघांचे तीन

अड्याळच्या कामिनीनं लेकीला मांडीवर घट्ट धरलं होतं. दीड वर्षाच्या हर्षाची डावी किडनी आता कामाची राहिली नाही आणि उजवीलाही सूज येऊ लागली आहे, असं भंडाऱ्याचे लहान मुलांचे सर्जन नुकतंच सांगून मोकळे झाले होते.

"मागच्या खेपेले किडनीले सूज होती, तवा तुमीच म्हणाले, थांबून पाहू. काहून थांबलो आपण?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "सूज किती, हे ठरवायच्या दोन पद्धती आहेत, बाई. सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी 'तीन' लिहिलं होतं. त्यांच्या पद्धतीत तीन म्हणजे शेवटची पायरी. माझ्या पद्धतीत शेवटची पायरी चौथी. मला वाटलं, अजून वेळ आहे."

"मंग त्यायले फोन करून काहून नाही विचारलं?"

"मुलांसाठी कोणती पद्धत चांगली, यावरून आमचं वाजलं. तेव्हापासून बोलणं बंद आहे."

कामिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. सोनोग्राफीचा दवाखाना याच इमारतीत, खालच्या मजल्यावर होता. तापानं फणफणलेल्या लेकीला घेऊन ती तिथूनच जिना चढून वर यायची.

तिनं हर्षाला कडेवर घेतलं आणि दार सताड उघडलं. "उठा, साहेब. डावी तर गेली. उजवीलेबी सूज येऊन राहिली म्हणता ना? चला खाली. आता जे बोलाचं ते दोघंबी माह्यासमोर बोला."

डॉक्टर खुर्चीतून उठेपर्यंत ती दारातून हलली नाही.