तिसरी थाप

कुस्तीच्या शोचा निकाल नेहमीप्रमाणे आधीच ठरला होता. भाच्याने मामाला पाठीवर दाबून धरायचं, पंचाने मॅटवर दोन थापा मारायच्या, आणि तिसरी पडली की हार, म्हणून त्याआधी मामाने खांदा उचलून पुढे जिंकायचं.

दोन थापा पडल्या.

"मामा, उचल ना खांदा!" भाचा कानाशी कुजबुजला.

"पाठीत उसण भरली रे. हलताच येत नाहीये!"

पंचाने हात हवेत जमेल तेवढा रेंगाळवला, पण सगळ्यांचे डोळे त्याच हातावर. शेवटी तिसरी थाप पडली आणि बिचारा भाचा जिंकला.

इतकी वर्षं ठरवलेल्या निकालांवर शिट्ट्या मारणारा हॉल आज खवळून उठला.



"चोर लेकाचे! सगळं आधीच ठरलेलं होतं!"