भरलेला वर्ग

"ही सगळी मुलं रोज येतात?" तपासणीला आलेल्या साहेबांनी दारातूनच विचारलं. मागे प्राचार्य उभे होते.

आतिफच्या हातातला खडू थांबला. फळ्यावर त्यानेच मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सत्य बोलणे हे कर्तव्य आहे.'

समोरचे बाक गच्च होते. ही पोरं प्राचार्यांनी सकाळी अकरावी सायन्समधून उचलून आणली होती. बारावी आर्ट्सला तत्त्वज्ञान घेतलेली पोरं कुणी गॅरेजवर, कुणी फळांच्या गाड्यावर असत, कुणी पोलीस भरतीसाठी माळावर पळत. ती थेट परीक्षेलाच उगवायची. रोज येणारी धनश्री एकटी. ती पहिल्या बाकावर बसली होती. आज वर्ग रिकामा दिसला असता तर तुकडी बंद, विषय बंद, आणि तासावर पगार घेणारा आतिफ केजच्या स्टँडवर मोकळा.

आतिफ मूळचा फिजिक्सचा. कॉलेजात फिजिक्सची जागा नव्हती. तत्त्वज्ञानाची होती, आणि तिच्याकडे दुसरं कुणी फिरकलं नव्हतं. त्याने नीतिशास्त्र शिकवायला घेतलं ते गुरुत्वाकर्षणासारखं. अपवाद निघाला की तो नियमच नव्हे, असं तो ठासून सांगे.

धनश्री महिनाभर भांडली होती. "कावून सर? आजारी म्हाताऱ्याला 'बरा होशील' म्हणलं तर पाप हाय का? लई कडक हाय तुमचं." आतिफ फळाभर आकृत्या काढून तिला गप्प करायचा. असा वाद जिंकला, की घरी जाताना तो स्वतःवर इतका खूश असायचा की रिक्षावाल्यालाही एखादा तात्त्विक प्रश्न टाकायचा.

"रोज येतात, सर," आतिफ म्हणाला. वाक्य इतकं सफाईने निघालं की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं.

साहेबांनी मधल्या बाकावरच्या मुंजाजीला उठवलं. "काय शिकताय सध्या?"

अकरावीच्या मुंजाजीने घाईघाईने फळ्याकडे पाहिलं. "खरं बोलायला, सर."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबही हसले. आतिफने श्वास सोडला. एवढ्यात साहेब पहिल्या बाकाकडे वळले.

"तू सांग गं बाळ. वर्ग रोज असाच भरतो?"

धनश्रीने आतिफकडे पाहिलं. आतिफने मनातल्या मनात दुआ मागितली, की आपल्या शिकवण्याचा या मुलीवर काडीचाही परिणाम झालेला नसो. आशेला जागा होती. कुणाच्या पोटावर येत असेल तर खोटं चालतं, असं हीच तर म्हणायची.

धनश्री उठली. "न्हाई सर. रोज आमी दोघंच असतो. मी आन् सर."

साहेबांनी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्यांनी छताकडे पाहिलं. मग दोघेही ऑफिसकडे गेले, आणि अकरावीची पोरं दप्तरं उचलून पसार झाली. वर्ग नेहमीसारखा झाला.

आतिफ टेबलाच्या कडेला टेकला. "काय केलंस हे, धनश्री? माझं सोड. तुझा विषय बंद होणार. बी.ए.ला तत्त्वज्ञानच घ्यायचं म्हणत होतीस ना? आणि महिनाभर तूच भांडत होतीस, वेळ आली तर खोटं चालतं म्हणून!"

"भांडत होते की." तिचे डोळे भरून आले होते. "पण शेवटी तुमचं पटलं, सर. मला वाटलं, तुमालाबी पटलंय."