बारा वाजता केबल बंद

कपात गरम चहा पडला आणि तळातली खडीसाखर तडकली. स्वयंपाकघर इतकं शांत होतं की त्या बारीक आवाजानेही विबके दचकली.

"बेल नाही ती, साखर आहे," गेशे म्हणाली. "केवढा जीव टांगणीला लावलायस! आठ ते बारा म्हणजे तो इंटरनेट जोडणारा पावणेबाराला उगवणार. ही माणसं अशीच."

गेशे तिची सासू. गावाच्या दुसऱ्या टोकाहून सायकलवर आली होती, आणि नेहमीप्रमाणे मागच्या अंगणातून थेट स्वयंपाकघराच्या दाराने आत शिरली होती. टेबलाखाली पाच वर्षांची टोम्के लाकडी गायींना रांगेत उभं करत होती.

"येईल ना गं तो?" विबकेने विचारलं.

"न येऊन जातो कुठे. आज हेनिंगला उत्तर द्यायचंय."

ते विबकेला सांगायची गरज नव्हती. तिचा नवरा हेनिंग दोन वर्षं नॉर्वेच्या समुद्रात, तेलविहिरीवर कामाला होता. आता कंपनी त्याला तिथल्या बर्गन शहरात घर देत होती, बायको-मुलीसकट राहायचं असेल तर. आज संध्याकाळपर्यंत होय म्हटलं नाही तर घर दुसऱ्याला जाणार होतं. 'हे मेसेजवर ठरवायचं नाही,' तो म्हणाला होता. 'तुझा चेहरा बघत ऐकायचंय मला.'

आणि चेहराच तर दिसत नव्हता. रोज संध्याकाळी तो व्हिडिओ कॉल लावायचा. टोम्के दुधाचा पडलेला दात दाखवायची, शाळेतलं गाणं म्हणायची, सगळं ठीक चालायचं. मग तो विचारायचा, "मग, येताय ना दोघी?" विबके तोंड उघडायची आणि चित्र गोठायचं. हेनिंग अर्धा हसत, एक डोळा मिटलेला, तसाच पडद्यावर राहायचा.

"केबलवरच्या इंटरनेटचं असंच," गेशे दर वेळी म्हणायची. "सहा घरांत मिळून एक लाइन. संध्याकाळी सगळे सिनेमे बघत बसले की तुमच्या वाट्याला काय येणार? ते फोनच्या तारेवरचं घे, डीएसएल. हळू असेना, पण आपलं आपल्यापुरतं."

विबकेने खूप दिवस टाळाटाळ केली. केबलचा वेग जास्त आहे म्हणाली. मग, तार जुनी आहे म्हणाली. शेवटी गेशेने समोर बसूनच तिला अर्ज भरायला लावला. केबल बंद करायचं मात्र विबकेने स्वतःहून कळवलं, आजचीच तारीख घालून.

"एक दिवस तरी दोन्ही ठेवायची होतीस," गेशे आत्ताही म्हणाली. "हा बाबा आला नाही तर बारानंतर घरात काहीच नाही. मोबाइलचं म्हणशील तर आपल्या गावात समुद्राच्या बांधावर चढून हात वर करावा लागतो. आणि माझ्याकडे इंटरनेट कुठलं, कोंबड्या आहेत."

"एकाच कामाचे दोनदा पैसे कशाला?"

"आता काटकसर सुचली हिला!"

घड्याळाचा काटा सरकत होता. गेशे उठली. "मी पुढच्या दारात उभी राहते. बघू तरी गाडी येतेय का."

"बस गं. दुसराच कप झालाय तुझा. तिसऱ्याआधी उठणार?"

ही बोच गेशेला बरोबर लागली. तिच्या घरात तिसऱ्या कपाआधी उठलेल्या पाहुण्याचं नाव वर्षभर निघत असे. ती बसली. विबकेने चहा ओतला, कडेने हळूच साय सोडली. दोन थेंब बशीत पडले.

"घाबरू नकोस," गेशे मऊ आवाजात म्हणाली. "माझं काय होईल हा विचार करतेस ना? मी राहीन. एकटं राहण्याने कुणी मरत नाही. पोरीला बाप मिळू दे."

विबकेने किटलीवरचं झाकण सरळ केलं. टेबलाखाली एक गाय आडवी झाली.

पावणेबारा झाले तेव्हा गेशेने कपात चमचा उभा केला, आता पुरे म्हणून, आणि सरळ घरातला फोन उचलून इंटरनेटवाल्यांना लावला. बराच वेळ पलीकडचं संगीत ऐकलं. मग तिचा आवाज चढला.

"काय? येऊन गेला? कधी? आम्ही सकाळपासून इथे बसलोय, बहिऱ्या नाही आहोत. बेल वाजलीच नाही!" ती ऐकत राहिली. "बेलवर नाव नाही? कसं नाही? हार्म्स. ह-आ-र... अहो, लग्न झाल्यापासून त्यांचं नाव आहे त्या बेलवर! पितळी अक्षरांत!" पुन्हा ऐकलं. "तीन आठवडे? आज संध्याकाळी माझ्या मुलाला... हॅलो? हॅलो?"

फोनही केबलवरचाच होता, तो मुका झाला. कोपऱ्यातल्या इंटरनेटच्या पेटीवरचे हिरवे दिवे एकामागून एक विझले. बारा वाजले होते.

"आंधळा मेला," गेशे म्हणाली. "येताना चष्मा घरी विसरला असणार. थांब, बघतेच कुठे नाही नाव."

ती चपला फटफटवत बोळातून पुढच्या दाराकडे गेली. विबके हलली नाही. तिने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती.

टोम्के खालून बाहेर आली, आईच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवली.

"आई, सकाळी तू आपलं नाव बेलवरून काढलंस ना, मग पप्पा आले तर त्यांना घर कसं सापडणार?"